न बघता लिहिलेलं ‘लाइन ओके’

डिसेंबर १९८५. मी तेव्हा फौजेत, सिग्नल्समध्ये, नाईक होतो. पंधरा दिवसांची रजा घेऊन कांदिवलीला घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ०६३० ला दारात नाईक कांबळे उभा. घाटकोपरहून आला होता. एका हातात मोटरसायकलची बॅटरी, दुसऱ्या हातात ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा.

आमची आई मालवणकडची, तोंडाने फटकळ. डबा बघून तिने त्याला उंबऱ्यातच धरलं.

"मेल्या, माज्या घराक येताना डबो घेऊन इलंस? तुका काय उपाशी ठेवतलंय मी?"

"मावशी, डब्यात जेवण नाही," कांबळे म्हणाला. "रेडिओ आहे."

खरंच होता. कांबळेने सहा महिने खपून बनवलेला दोन वॉटचा सेट. युनिटमध्ये आम्हा दोघांकडे हॅमचा परवाना होता. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा द्यायची, मोर्सची टिकटिक शिकायची आणि घरी जोडलेल्या सेटवरून लांबच्या माणसाशी बोलायचं. लोक विचारतात, यातून मिळतं काय? काही मिळत नाही. पत्ते खेळून तरी काय मिळतं?

दोन वॉट म्हणजे बॅटरीतल्या बारक्या बल्बाइतकी ताकद. एवढ्या ताकदीवर समुद्रातून किनाऱ्यावर बोलता येतं, असं कांबळेचं म्हणणं होतं. ते सिद्ध करायला आम्ही मढला चाललो होतो. ओसी साहेबांनी, म्हणजे आमच्या युनिटच्या प्रमुखांनी, परवानगीचा कागद काढून दिला होता. निघताना म्हणाले होते, "कांबळे, तू पोहतोस का?" कांबळे म्हणाला, "नाही सर." साहेब म्हणाले, "मग तावडेला नको पाठवू, तूच जा. पोहता येत नसलेला माणूस बोटीत नीट बसतो."

तावडे म्हणजे मी.

मढला डोमनिक नावाचा कोळी माझ्या ओळखीचा होता. त्याचा ट्रान्झिस्टर मी एकदा दुरुस्त करून दिला होता. कॅथलिक घर, स्वतःची बोट, घरात म्हातारी आई, रेजिना मावशी. चार वर्षांपूर्वी मावशीचा नवरा बोटीसकट समुद्रात गेला. वादळबिदळ काही नव्हतं. इंजिन बंद पडलं, बोट वाहत गेली, आणि दोन दिवस इथे कुणाला पत्ताच नाही. तिसऱ्या दिवशी शोधायला निघाले, तोवर उशीर झाला होता. बोटीतल्या ट्रान्झिस्टरवर बातम्या ऐकू येतात, गाणी ऐकू येतात, पण "आम्ही अडकलोय" हे सांगता येत नाही. हे ऐकल्यापासून कांबळेच्या डोक्यात तो डबा शिजत होता. मावशीला त्याने पहिल्याच दिवशी शब्द दिला.

"मावशी, डोमनिक समुद्रात असेल तेव्हा त्याची खबर तुला घरात बसून कळेल."

ती म्हणाली, "कळू दे रे पोरा. मना दुसरा काय नको."

डबा बोटीत जाणार होता, म्हणून माझा सेट मी तिच्या घरात मांडला. घराच्या मागे परस होतं आणि परसाच्या टोकाला दोन माड. माडांच्या मधे आम्ही एरियल ताणलं. आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सेटपासून एरियलपर्यंत जी तार जाते तिला आम्ही फीडलाइन म्हणतो. लोक सेटकडे बघतात, एरियलकडे बघतात, मधल्या तारेकडे कुणी ढुंकून बघत नाही. टाकी भरलेली आहे, नळही नवा आहे, पण मधला पाइप फुटका असेल तर बादलीत काय येणार?

पहिल्यांदा आम्ही काळी जाड केबल लावली, कोॲक्स म्हणतात ती. चौथ्या दिवशी चाचणीत सिग्नल पडला, अगदी बारीक झाला. मी लगेच सेट उघडायला बसलो. कांबळेने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर काढून घेतला.

"आधी लाइन चालत बघ. मग सेट उघड."

बाहेर जाऊन त्याने केबलचा जोड चाकूने कापला. आतलं तांबं हिरवं पडलेलं आणि वरची जाळी हातभर काळी. खारी हवा जोडातून आत शिरली होती.

"दोन वॉटमधला दीड वॉट ही बयाच गिळत होती," तो म्हणाला. "काढ हिला."

मग आम्ही उघडी लाइन बांधली. दोन नागड्या तांब्याच्या तारा, शेजारी शेजारी, मधे चार बोटं अंतर. ते अंतर सारखं राहावं म्हणून हात-हात सोडून मधे एकेक आडवी काडी लागते. आमच्या काड्या म्हणजे संपलेली बॉलपेनं. बरॅकमध्ये कुणाचं पेन संपलं की कांबळे हात पुढे करायचा. लोक वैतागून टूथब्रशच्या दांड्याही द्यायचे, त्याही त्याने लावल्या. माडापासून घराच्या मागच्या भिंतीपर्यंत ती लाइन पुरुषभर उंचीवर बांबूंच्या खुंट्यांवरून आणली आणि भिंतीतल्या भोकातून आत घेतली. खारी हवा तिला काही करू शकत नव्हती. सिग्नल झकास आला.

तेवढ्यात कांबळेचे हात शिवशिवत होते म्हणून त्याने मावशीची वलांडीही दुरुस्त केली. बोंबील वाळत घालायला बांबूंच्या मधे दोऱ्या बांधतात, ती वलांडी. वाऱ्याने दोन दोऱ्या तुटल्या होत्या. कांबळेने त्या आमच्या फौजी गाठीने बांधल्या, त्याच पक्कडीने, त्याच दिवशी. मावशी खूश झाली. तिने त्याला भाकरीबरोबर बोंबलाचं कालवण वाढलं. मी लाइनीशेजारी एक फळी ठोकली आणि वर खडूने ठळक लिहिलं: तारांना हात लावू नये. फौजेत पाटी लावली की काम झालं, असं आम्ही समजतो.

लॉगबुक माझ्याकडे होतं. त्यात पाच रकाने. वेळ, सिग्नल, बॅटरी, सेट, लाइन.

बोट मंगळवारी सकाळी ०८०० ला निघाली. डोमनिक, पाच खलाशी आणि कांबळे, मिळून सात. कांबळेने डबा प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांधून पोटाशी धरला होता. त्याची माणसं मूळची सोलापूरकडची, तो वाढलेला घाटकोपरच्या टेकडीवर. समुद्राशी संबंध नाही.

"०७००, १३००, १९००," मी म्हणालो. "चुकलं तर पुढे दर तासाला, पाच मिनिटं."

"आणि सेट एकदम शांत झाला तर?" त्याने विचारलं. परीक्षाच घेत होता.

"काय?"

"अरे, किती वेळा सांगितलंय. एरियल लागलं की सेटमध्ये सळसळ आली पाहिजे. सळसळ गेली तर खूश होऊ नको. सेटमागून एरियलचं टोक उपटून बघ. काहीच फरक पडला नाही तर लाइन मेली समज."

"चल, नीघ. मास्तर झालाय."

बोट निघाली. १३०० ला पहिला सिग्नल आला, १९०० ला दुसरा. मी मावशीच्या कानाला हेडफोन लावला. ती डोळे मिटून ती टिकटिक ऐकत राहिली.

"हा आमचा डोमनिक?"

"हा कांबळे. डोमनिक त्याच्या बाजूला बसलाय."

"काय सांगतो?"

"म्हणतो, मासळी चांगली आहे. पोटात ढवळतंय."

मावशी हसली आणि तिने छातीवर क्रूस केला. चार वर्षांत बोट बाहेर असताना ती पहिल्यांदा जेवली असेल, असं मला वाटलं.

बुधवार. ०७००. सिग्नल नाही.

मी लॉगमध्ये लिहिलं: सिग्नल नाही. बॅटरी ओके. सेट ओके. लाइन ओके. लाइन मी कालच बघितली होती. पाटी होती. जोराचा वारा नव्हता, पाऊस नव्हता. मग रोज रोज काय बघायचं?

०८००. सिग्नल नाही. सेट उघडला. फ्यूज बघितला, क्रिस्टल काढून बसवला, एकेक सोल्डर टोकून बघितला. लॉग: सेट ओके. लाइन ओके.

०९००. नाही. मला वाटलं, कांबळे उलट्या करत पडला असेल, किंवा बॅटरी पाण्यात घातली असेल. पाठीमागे त्याला दोन शिव्या दिल्या. लॉग: लाइन ओके.

१०००. नाही. लाइन ओके. चौथ्यांदा.

हे मी मुद्दाम सगळं सांगतोय. चार वेळा मी ते दोन शब्द जागेवर बसून लिहिले. मागचा दरवाजा माझ्यापासून बारा पावलांवर होता. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

१०२० ला मावशी चहा घेऊन आली.

"काय सांगतो आमचा पोर?"

"आज बोलत नाही मावशी."

"का रे?"

"काय माहीत. सेट चांगला आहे. सकाळपासून एकदम शांत आहे."

शांत. माझ्याच तोंडचा शब्द माझ्या कानावर पडला आणि कांबळेची सळसळ आठवली. हेडफोन कानाला लावला. सळसळ नाही. मी एरियल उपटलं. काही फरक नाही. परत लावलं. काही फरक नाही.

चहा तिथेच ठेवून मी मागच्या दाराने पळालो.

लाइनीवर बोंबील होते. भिंतीपासून माडापर्यंत, त्या टोकापर्यंत. बोंबील जोडीने वाळत घालतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून. एक या तारेवर, एक त्या तारेवर, ओले, खारे, गळणारे. दोन तारांच्या मधे जे चार बोटं अंतर आम्ही बॉलपेनं लावून जपलं होतं, ते मासळीने भरून गेलं होतं. दोन वॉटांचं सोडा, त्या तारेतून काहीच आत येत नव्हतं.

मी दोन्ही हातांनी मासळी खाली ओढायला लागलो. मावशी मागून धावत आली.

"अरे, काय करतंस? वाळूत नको टाकू, वाया जाल!"

"हे कुणी घातलं?"

"मी. पहाटे दिराच्या बोटी आल्या, वलांडीवर जागा नाय उरली. ही तर कांबळेन मनाच बांधली ना? त्याच गाठी हायत."

"पाटी बघितली नाही?"

"मना वाचाय येते?"

तिला न विचारता, तिच्याच अंगणात, तिला न वाचता येणारी पाटी लावून मी मोकळा झालो होतो. मी आवाज खाली आणला.

"मावशी, डोमनिक या तारेतून बोलतो."

ती पुढे झाली आणि मूठमूठ बोंबील उपसून वाळूत फेकायला लागली. माझ्यापेक्षा तिचे हात भरभर चालत होते. सगळे काढून झाल्यावर तिने गोड्या पाण्याचा हंडा आणला, लुगड्याचा पदर भिजवला आणि दोन्ही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढल्या. १०४५ झाले.

मी आत जाऊन हेडफोन लावला. सळसळ आली होती. नळाला पाणी येण्याआधी जसा आवाज येतो तसा. आता ११०० पर्यंत थांबायचं होतं. त्या पंधरा मिनिटांत मी फार घाबरलो. लढाईत घाबरतो तसा नाही. तिथे माणसाच्या हातात काहीतरी असतं.

११०० ला कांबळे आला. बारीक, पण तोच. प्रत्येकाच्या मोर्सची एक ढब असते, कांबळे शेवटची डॅश जरा लांबवायचा.

"पाणी शिरतंय. पंख्यात जाळं अडकलं. इंजिन बंद. ०५३० पासून जाळ्याच्या जागेवरून पश्चिमेला वाहतोय. सात जण ठीक. पाणी उपसतोय. ऐकतोयस का. ऐकतोयस का."

मी पाठवलं, "ऐकतोय."

मग आलं, "इतका वेळ कुठे होतास."

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मावशी दारात उभी होती. मी तिला जसं होतं तसं सांगितलं, लपवलं नाही. ती किंचाळली नाही. लुगडं खोचून सरळ दिराच्या घराकडे पळाली.

गावातला एकुलता एक फोन दुकानात होता आणि तो तीन दिवस बंद होता. एका माणसाला सायकलवरून पोलिस चौकीकडे पाठवलं. पण खरी मदत किनाऱ्यावरच होती. मावशीच्या दिराने मला दोनच प्रश्न विचारले.

"कवापासून वाहतो?"

"०५३०. साडेपाच."

"जाळी आपल्याच खुंटांवर?" खुंट म्हणजे जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खांब.

"हो. तिथून पश्चिमेला."

त्याने पाण्याकडे बघितलं. जमिनीवरून सुटणारा वारा होता, मतलई. बोट खोल समुद्राकडे ढकलणारा. त्याने मनात हिशेब केला आणि म्हणाला, "तीन तास लागतील. पन नेमका कुठं, ते नाय सांगता येत."

मी म्हणालो, "मी त्याला १४३० ला धूर करायला सांगतो. तुम्ही त्या वेळी चारी बाजूंना बघा. घड्याळ आहे?"

नव्हतं. मी माझं काढून त्याला दिलं. ११२५ ला दोन बोटी सुटल्या. मी मावशीच्या भिंतीवरचं घड्याळ सेटसमोर आणून ठेवलं.

१२०० ला बसण्याआधी मी लाइन चालत गेलो. भिंतीपासून माडापर्यंत आणि परत. मावशी माझ्या मागून चालत होती, हातात काठी. वाळूतल्या मासळीवर कावळे जमले होते, ते तारेवर बसू नयेत म्हणून. मग आत येऊन लिहिलं: लाइन बघितली. ओके.

१२०० ला कांबळेचा सिग्नल खूप पडला होता. लाइनीमुळे नाही, त्याची बॅटरी संपत आली होती. मी सावकाश तीनदा पाठवलं, "दोन बोटी निघाल्या. १४३० ला धूर. तेलात चिंधी भिजवून जाळा. १४३०."

उत्तरात एक अक्षर आलं. आर. आर म्हणजे मिळालं. पण ते त्याचंच होतं का, की माझ्या कानाचा खेळ, हे मला तेव्हा छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं.

१३००. नाही. १४००. नाही. प्रत्येक वेळी आधी लाइन चाललो. प्रत्येक वेळी मावशी मागे. १४३० ला आम्ही दोघं किनाऱ्यावर जाऊन पश्चिमेकडे बघत उभे राहिलो. तिथून काही दिसणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. ती जपमाळ ओढत होती. मी नुसता उभा होतो.

"पोरा," ती म्हणाली, "नवरा तसा गेला, आता माझ्या हातानं मी ह्यांना पन घालवला काय रे?"

"नाही मावशी. तू नाही."

"मग कोन?"

मी पश्चिमेकडेच बघत राहिलो. लाज वाटत होती.

१८१० ला दोन बोटी दिसल्या. दोनच. तिसरी नव्हती. मावशी गुडघाभर पाण्यात गेली आणि मोजायला लागली. मीही मोजत होतो. पहिल्या बोटीत जादा माणसं तीन. दुसरीत चार. सात. मी पुन्हा मोजलं. सात.

डोमनिकची बोट बुडाली होती. धूर दिसला तेव्हा ती काठापर्यंत पाण्यात होती, माणसं उचलली आणि पाऊण तासात ती गेली. आम्ही ०७०० ला ऐकलं असतं तर बोटही वाचली असती. हे मला कुणी सांगितलं नाही. मला हिशेब येतो.

कांबळे उतरला. ओठ फुटलेले, हाताच्या तळव्यांची सालं निघालेली, पोटाशी डबा. वाळूवर बसला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "काय रे, लाइन बघितली होतीस का?"

मावशी तिथेच होती. डोमनिकला मिठी मारून झाली होती, आता ती आमच्याकडे बघत होती. मी म्हणालो, "जोड ढिला होता. माझी चूक."

"खोटा नको बोलू," मावशी म्हणाली. "मी बोंबील टाकले त्याच्यावर. पहाटे. मीच."

कांबळे तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग तो हसायला लागला. फुटक्या ओठांनी हसताना त्याला दुखत होतं, तरी हसत होता.

"मावशी, चूक माझी. वलांडी आणि लाइन एकाच गाठीने बांधली मी. कुणीही बोंबील घातले असते. माझी आई असती तर तिने साड्या वाळत घातल्या असत्या."

मावशीने त्याच्या गालावर चापट मारली आणि मग त्याच गालावरून हात फिरवला. डोमनिक बाजूला गुडघ्यात डोकं घालून बसला होता. बोट त्याच्या बापानंतर त्याने उभी केली होती. त्याने आम्हाला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. तो देता तर बरं वाटलं असतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर कांबळेने लॉगबुक मागितलं. मी दिलं. त्याने बुधवारचं पान वाचलं. लाइन ओके, लाइन ओके, लाइन ओके, लाइन ओके. तिथे त्याचं बोट थांबलं.

"हे चार खोडतो," मी म्हणालो.

"खोडू नको. राहू दे." त्याने वही मिटून परत दिली. "पण तावडे, यापुढे बघितल्याशिवाय लिहायचं नाही. तू पण नाही, मी पण नाही."

"नाही लिहिणार."

बस, एवढंच. फौजेत यापेक्षा लांब बोलणं होत नाही. निघायच्या दिवशी त्याने मावशीला हाताला धरून परसात नेलं आणि सांगितलं, "सेट आम्ही घेऊन चाललोय. आता ही तार तुझी. खुशाल बोंबील घाल." ती घालत नव्हती. तेव्हा त्याने स्वतः एक जोडी अडकवून दाखवली, उलटी. तिने ती सरळ केली.

दोन वर्षांनी आम्ही दोघं उत्तरेला होतो. मी खाली बेसवर, सेटवर. कांबळे वर बर्फातल्या एका पोस्टवर, तोवर हवालदार झालेला. तिथेही त्याने उघडी लाइन बांधली होती, कारण थंडीत कोॲक्सचं वरचं आवरण तडकतं. जानेवारीतल्या एका सकाळी, ०६१०.

"तुझा आवाज पडलाय. ओव्हर."

"तारेवर बर्फ धरला असेल. बघून येतो. ओव्हर."

"हवा कशी आहे? ओव्हर."

"बरी आहे. दहा मिनिटं. ओव्हर."

"बघितल्याशिवाय लिहू नको. ओव्हर."

तो हसला. हेडफोनमध्ये ऐकू आलं. "नाही लिहिणार. आउट."

वरून बर्फ सुटला तो त्यानंतर. ०६३० ला मी बोलावलं, ०७०० ला बोलावलं, मग त्यांच्या दुसऱ्या ऑपरेटरचा आवाज आला. कांबळे तिसऱ्या दिवशी सापडला. लाइनीच्या खालीच होता. पोस्टचं लॉगबुक खाली आलं तेव्हा मी ते पान बघितलं. वेळ ०६१०. सिग्नल कमी. बॅटरी ओके. सेट ओके. लाइनीचा रकाना कोरा होता.

मी ते गमतीत म्हणालो होतो. तो मी न म्हणताही तार बघायला गेला असता, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून उपयोग होत नाही.

घाटकोपरला त्याच्या आईकडे जाऊन आलो. तिथलं मी लिहिणार नाही. दुसऱ्या दिवशी मढला गेलो. मोसम जोरात होता. परसात सगळीकडे बोंबील आणि आमच्या तारांवरही. मावशी वलांडीखाली बसली होती. मी सांगितलं. तिने एकच विचारलं.

"तारेपाशीच होता?"

"हो."

ती उठली. टोपली घेतली आणि त्या दोन तारांवरचे बोंबील एकेक करून काढायला लागली. डोमनिक म्हणाला, "आई, ओले हायत अजून." ती म्हणाली, "असू दे." मग तोही आला, मीही गेलो. तिघांनी मिळून तारा मोकळ्या केल्या. मावशीने पदर भिजवला आणि दोन्ही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसल्या.

"ही मोकळी राहू दे," ती म्हणाली. "काय सांगावं."

मी सुभेदार होऊन रिटायर झालो. रेजिना मावशी गेली, त्यालाही वर्षं झाली. डोमनिकने दुसरी बोट केली, तिच्यावर त्याचा मुलगा जातो. दर डिसेंबरात मी कांदिवलीहून मढला जातो. परसात पाय ठेवायला जागा नसते, इतकी मासळी वाळत असते. त्या दोन तारा रिकाम्या असतात. डोमनिकची सून या घरात मागाहून आली, तिने कांबळेला बघितलेलं नाही, पण तीही त्यांच्यावर काही घालत नाही.

मी भिंतीपासून माडापर्यंत चालत जातो. उन्हाने एखादं पेन तडकलेलं असतं, ते बदलतो. मग आत येऊन चहा घेतो, ते जुनं लॉगबुक काढतो, तारीख घालतो आणि लिहितो: लाइन बघितली. ओके.